खाते नंबर द्यावा, पण कुणाला?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ सभासदांसमोर केलेले भाषण)



सचिवांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन’. तो मी बाजूला ठेवतो. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि बहुतेकांना शेवटी काहीतरी विकायचंच असतं. मी आपल्या सोसायटीत घडलेली गोष्ट सांगणार आहे. ज्यांच्या बाबतीत ती घडली ते इथेच बसलेत. “नाव घेऊ नका, बाकी सगळं सांगा,” असं त्यांनी काल मला बजावलंय.

२५ वर्षांपूर्वी आपण कुरुळीत राहायला आलो, तेव्हा घरोघरचं कुणी ना कुणी पहाटे चाकणला पहिल्या शिफ्टला जायचं. तीच मंडळी आता निवृत्त होताहेत. पीएफ, ग्रॅच्युइटीचे पैसे एकदम खात्यात पडतात आणि त्याच आठवड्यात बँकेतून गोड आवाजात फोन येतो. आमचे हे मित्र २०२२ साली एफडी करायला गेले आणि विमा पॉलिसी घेऊन आले. वर्षाला दोन लाख, दहा वर्षं. पॉलिसीचं जाड पाकीट घरी आलं, ते न उघडता कपाटात गेलं. दुसऱ्या वर्षी खात्यातून आणखी दोन लाख आपोआप वळते झाले, तेव्हा कळलं.

हे कसं घडतं ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी काउंटरच्या पलीकडे बसलेलो आहे. २००० साली विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं झालं आणि पुढे बँकांतूनही विमा विकला जाऊ लागला. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मार्च आला की वरून टार्गेट यायचं. लॉकर मागायला आलेल्या एका बाईंच्या गळ्यात मी पॉलिसी मारली आहे. लॉकरसाठी ती लागतेच असं मी म्हणालो नव्हतो, पण लागत नाही असंही म्हणालो नव्हतो. असो.

तर मित्र माझ्याकडे आले. नवी पॉलिसी ठरावीक दिवसांत परत करता येते. तेव्हा त्यांच्या पॉलिसीला १५ दिवस होते, १ एप्रिल २०२४ पासून ३० झालेत. ती मुदत कधीच टळली होती. म्हणून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करायचं ठरलं. परताव्यासाठी सोबत बँकेचा तपशील जोडायचा होता. त्यांनी विचारलं, “साहेब, कॅन्सल चेक दिला तर धोका नाही ना?” मी म्हणालो, “बिनधास्त द्या. नुसत्या खाते नंबरावर कुणी पैसे काढू शकत नाही.”

यात चूक काही नव्हती, पण मी अर्धंच सांगितलं. कुणाला द्यायचं, ते राहूनच गेलं.

तीन आठवड्यांनी त्यांना फोन आला. पॉलिसी नंबर, हप्ता, तारीख, बोलणाऱ्याला सगळं पाठ. “हैदराबादहून विमा नियामकाच्या ऑफिसातून बोलतोय. तुमचा परतावा मंजूर झालाय, फाइल चार्ज आणि जीएसटीचे १८,५०० भरा.” यांनी भरले. मग त्याने बँकेचा तपशील मागितला. यांना वाटलं, साहेब म्हणालेत ना, बिनधास्त द्या. चेकचा फोटो पाठवला, मग कार्डाचा, पुढून आणि मागून. मग त्याने एक ॲप घ्यायला लावलं, ज्यातून आपल्या मोबाइलचा पडदा समोरच्याला दिसतो. ४९,००० गेले. सूनबाईंनी मेसेज पाहिले म्हणून तेवढ्यावर थांबलं. त्याच रात्री १९३० वर तक्रार केली, बँकेला कळवून कार्ड बंद केलं. ३१,००० पुढच्या कुठल्याशा खात्यात अडवले गेले, ते बऱ्याच महिन्यांनी मिळाले. बाकीचे गेले ते गेलेच.

मी त्या रात्री त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, उलट चहा दिला. ते फार लागलं.

तेव्हा राहिलेलं अर्धं आज सांगतो. पैसे खात्यात यायला नाव, खाते नंबर आणि आयएफएससी कोड एवढंच लागतं. कॅन्सल चेकवर दोन आडव्या रेघा मारून मधे ‘कॅन्सल्ड’ लिहा, सही करू नका. सहीसाठी कुणी अडून बसलं तर पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत शाखेचा शिक्का घेऊन द्या. कार्ड नंबर, मागचे तीन आकडे, ओटीपी यांचा परताव्याशी काही संबंध नाही. यूपीआय पिन तर पैसे घ्यायला कधीच टाकावा लागत नाही. परतावा देणारा आधी पैसे भरायला सांगत नाही. आणि विमा नियामक कुणाला परतावा किंवा बोनस मंजूर झाल्याचे फोन करत नाही.

हे कागद कंपनीच्या शाखेत स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. झेरॉक्सवर ‘फक्त पॉलिसी परताव्यासाठी’ असं लिहून तारीख घाला. फोन करायचाच तर पॉलिसीवर छापलेल्या नंबरवर आपण करायचा. नेटवर शोधलेला नंबर भामट्याचाही असू शकतो.

आणखी एक, हे बँकवाल्यालाच चटकन दिसतं. परताव्याच्या फॉर्मसारखाच दिसणारा दुसरा फॉर्म असतो, खात्यातून हप्ता वळता करायच्या परवानगीचा. पूर्वी त्याला ईसीएस म्हणायचो, आता नॅच. मित्रांचा दुसरा हप्ता त्याच सहीवर गेला होता. ती परवानगी बँकेत लेखी अर्ज देऊन रद्द करावी लागते. जमलं तर परताव्यासाठी वेगळं बचत खातं ठेवा, त्याला कार्ड नको, यूपीआय नको.

काहींना वाटतं, फसलो तर बँक भरून देईल. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं. त्याप्रमाणे चूक ना आपली ना बँकेची, तिसऱ्याचीच असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर आपल्यावर काही येत नाही. पण ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून रात्रीचे दोन वाजले तरी कळवा.

मूळ चार लाखांचं काय झालं, हे विचारणार तुम्ही. कंपनीने अर्ज फेटाळला. मग पुण्यात नारायण पेठेत, केळकर रस्त्यावर विमा लोकपालांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार केली. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर त्यानंतर वर्षाच्या आत तिथे जाता येतं. फी नाही, वकील नाही. आम्ही प्रपोजल फॉर्मची प्रत मागवली होती. त्यात निवृत्त माणसाचं वार्षिक उत्पन्न १२ लाख लिहिलं होतं आणि मोबाइल नंबर भलत्याचाच. तेवढा एक कागद पुरला. दोन्ही हप्ते परत मिळाले, व्याजावर मात्र पाणी सोडावं लागलं.

रविवारी सकाळी दहा ते अकरा मी सोसायटीच्या ऑफिसात बसतो. कुणाच्या कपाटात असं न उघडलेलं पाकीट असेल तर घेऊन या. चेकबुक आणि कार्ड घरीच ठेवा, ते मलाही नको.