गाडीतला गॅस आणि घरातला गॅस

आमच्या बचत गटाकडे कर्जाचे अर्ज येतात ते शिलाई मशीनचे, शेळ्यांचे. आता त्यात जुन्या व्हॅनचीही भर पडली आहे, शाळेच्या मुलांची ने-आण करायला. गाडी पेट्रोलची आणि तिला एलपीजी किट बसवलेलं. गॅसवर गाडी चालते कशी, हे कळल्याशिवाय अशा अर्जावर सही करायची नाही, असं आम्ही बैठकीत ठरवलं. जे कळलं ते आज सांगतो.

सिलिंडरमधला गॅस दाबाखाली पातळ होऊन राहतो. शेगडीला मिळते ती वरच्या मोकळ्या जागेतली वाफ. लग्नघरी मोठी शेगडी तासभर चालली की सिलिंडरला बाहेरून घाम फुटतो, हात लावला तर गार लागतो. पातळ गॅसची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, म्हणून. गाडीचं सगळं गणित या एका गोष्टीवर आहे.

गाडीच्या टाकीतली नळी तळापर्यंत जाते, त्यामुळे बाहेर येतो तो पातळ गॅसच. इंजिनाजवळच्या रिड्यूसरमध्ये त्याची वाफ होते. तिथे बर्फ धरू नये म्हणून त्यातून इंजिनाचं गरम पाणी फिरवतात. गाडी आधी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापलं की गॅसवर जाते, ती याचसाठी. रेडिएटरमधलं कूलंट कमी झालं, तर रिड्यूसर गोठतो आणि गाडी आचके देत बंद पडते. दोष मात्र किटला मिळतो! कूलंट बघायला दोन मिनिटं लागतात. फक्त इंजिन थंड असताना बघा.

दक्षिण कोरियातल्या टॅक्सींमध्ये याहून वेगळी पद्धत आहे. तिथे रिड्यूसरच नाही. टाकीतला पंप पातळ गॅस थेट इंजेक्टरपर्यंत ढकलतो आणि इंजिनात जाणाऱ्या हवेत त्याचा फवारा उडतो. वाफ तिथेच होते, हवा गार आणि दाट होते, त्यामुळे गाडीची ताकद फारशी घटत नाही. उरलेला गॅस टाकीत परत जातो. पण हा पंप टाकीतल्या गॅसनेच थंड राहतो, म्हणून टाकी पार कोरडी होईपर्यंत गाडी चालवायची नाही. फिल्टरही वेळेवर बदलावा लागतो, इंजेक्टरची भोकं फार बारीक. आपल्याकडच्या जुन्या व्हॅनना बहुधा वाफेचंच किट असतं.

आता मुद्द्याचं. घरगुती सिलिंडरमधला गॅस गाडीत भरून देणारे ठिकठिकाणी भेटतात. स्वस्त पडतो, म्हणतात. हे बेकायदा तर आहेच, पण भीती वेगळी आहे. गाडीची टाकी 80 टक्केच भरायची असते. तेवढी भरली की आतला व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. उन्हात पातळ गॅस फुगतो, त्याला ती जागा लागते. आपण दूध तापवताना पातेलं काठोकाठ भरतो का? काही जण तर व्हॅनमध्ये 14.2 किलोचा लाल सिलिंडरच ठेवतात. त्याला असा व्हॉल्व्ह नसतो, आणि आडवा ठेवला की वाफेऐवजी पातळ गॅस बाहेर येतो. मागच्या सीटवर मुलं बसलेली असतात.

म्हणून आम्ही कागद मागतो. आरसीवर पेट्रोलसोबत एलपीजीची नोंद हवी, विम्यातही किटचा उल्लेख हवा. टाकीवरच्या प्लेटची तारीख वाचतो, कारण टाकीची दर 5 वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते. रबरी नळ्यांना चिरा नाहीत ना, तेही पाहतो. सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीच बघायचं नाही.

गाडीत गॅसचा वास आला तर इंजिन बंद करून आधी मुलांना उतरवायचं, मग टाकीचा व्हॉल्व्ह हाताने बंद करायचा. हा गॅस हवेपेक्षा जड, तो खड्ड्यात, तळघरात साचून राहतो. मुलांना उंचावर, वारा येतो त्या बाजूला न्या.

परवा एका ताईंच्या अर्जातल्या व्हॅनची प्लेट खरवडलेली निघाली. तारीख वाचता येईना, म्हणून अर्ज थांबवला. शाळा जूनमध्ये सुरू होतात, त्यामुळे ताई नाराज झाल्या, आणि ते साहजिक आहे. सध्या त्या दुसरी गाडी बघताहेत. तिची आरसी पुढच्या बैठकीला आणणार आहेत.