दप्तरातले आणि डोक्यातले



कचेरीतले जुने हेडक्लार्क निवृत्त होतात. हारतुरे होतात, चहाफराळ होतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या गोष्टीसाठी सगळे अडून बसतात. वास्तविक दप्तर जागच्या जागी असते. एखादा निर्णय झाला हे त्यात सापडते. तो का झाला, एवढेच तेवढे सापडत नाही. ते रावसाहेबांच्या डोक्यात होते, आणि रावसाहेब घरी गेले! मग संस्थेचे ज्ञान म्हणून आपण जे म्हणतो ते कोणाचे?

या प्रश्नासाठी मी पुण्यातले एक काम आपल्यापुढे ठेवतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. ती पुरी व्हायला १९६६ साल उजाडले. शारदा, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा नाना लिप्यांतल्या बाराशेंवर पोथ्या ताडून पाहायच्या होत्या. एका माणसाच्या आयुष्यात मावणारे हे कामच नव्हे. उत्गीकरांनी १९२३ साली विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती छापली आणि मते मागवण्यासाठी ती विद्वानांकडे पाठवली. कच्चे काम असे चारचौघांत मांडायला छाती लागते.

१९२५ साली डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर संपादक झाले. त्यांच्या हाताखाली पाठ कसे टिपले जात ते ऐकण्यासारखे आहे. कागदाच्या माथ्यावर प्रचलित आवृत्तीतला श्लोक एकेक अक्षर सुटे करून लिहायचा. त्याखाली प्रत्येक पोथीतला फरक, ज्या अक्षराचा असेल त्याच अक्षराखाली. लेखनिकाची उघड चूकसुद्धा गाळायची नाही. उजवीकडे शेऱ्यांसाठी जागा: येथे खाडाखोड आहे, येथे समासात भर घातली आहे. पोथीत श्लोक जास्त असतील तर त्यांची नोंद तळाशी. म्हणजे शास्त्रीबुवांनी पोथीत जे पाहिले ते पोथी परत गेल्यावरही, आणि शास्त्रीबुवा गेल्यावरही, दुसऱ्याला पाहता यावे!

पण मला याहून मोलाची वाटते ती एक नागमोडी रेघ. सिद्ध केलेल्या संहितेत जेथे पाठाची पुरती खात्री नव्हती, तेथे अक्षरांखाली ही रेघ छापलेली आहे. निवडीची तत्त्वे सुकथनकरांनी १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत सविस्तर मांडली, आणि मनातला संशय असा ओळीओळीखाली नोंदवला. आपल्या संस्थांच्या इतिवृत्तांत ठराव ‘एकमताने’ मंजूर होतात. तेथे अशी रेघ ओढायची झाली तर शाई पुरायची नाही, पण ते असो.

जानेवारी १९४३ मध्ये सुकथनकर अकस्मात वारले. मुंबईत महाभारताच्या अर्थावर त्यांची व्याख्यानमाला चालू होती. शेवटचे व्याख्यान द्यायचे राहून गेले. भीष्मपर्व, शांतिपर्व, अनुशासनपर्व अशी मोठी मोठी पर्वे अजून बाहेर यायची होती. काम तेथेच बसायचे, पण डॉ. बेलवलकरांनी ते उचलले, आणि १९६१ पासून डॉ. प. ल. वैद्यांनी ते शेवटाला नेले. मधल्या काळात सभापर्व तर अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या एजर्टनसाहेबांनी संपादिले. हजारो मैलांवरच्या माणसाला ते करता आले, कारण पाठांची नोंद आणि निवडीचे नियम दोन्ही कागदावर होते.

आता कोणी म्हणेल, मग सगळे लिहून ठेवले की झाले! तसे नाही. जुनी शारदा पोथी वाचायची नजर कागदावर उतरत नाही. ती जाणत्याशेजारी बसून येते. म्हणून पाठ जुळवायला तयार केलेली माणसे कायम पगारावर ठेवावी लागली, आणि त्यांचे काम तपासायला वर दुसरे. हा खर्च कोणत्याही खंडाच्या पानावर दिसत नाही. वर्गणीदारांना तो पटवणे हे चिटणिसांचे सर्वांत अवघड काम, असा माझा तरी समज आहे.

नाकारलेले पाठ त्या खंडांच्या तळटीपांत जसेच्या तसे छापलेले आहेत. सुकथनकरांनी टाकलेला पाठच खरा, असे आज एखाद्या तरुण अभ्यासकाला म्हणायचे असेल, तर त्याला लागणारा पुरावा त्याच पानावर, वरच्या ओळीपासून चार बोटे खाली, त्याची वाट पाहत आहे.