टीव्हीवरचं अ‍ॅप काढलं, पण खात्यातलं काढलं का?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या मांडणीचा मजकूर. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी छापत आहोत.)



आज विषयपत्रिकेवर कर्जवाटप आहे, परतफेड आहे. त्यात मी टीव्हीसाठी पंधरा मिनिटं मागून घेतली, तेव्हा काहीजणी हसल्या. पण हा विषयसुद्धा परतफेडीचाच आहे. कसा, ते सांगते.

सेनगाव भागातल्या एका गटातल्या काकूंची गोष्ट आहे. नाव सांगत नाही. घरी नवा टीव्ही आला. पोरांनी सिनेमाचं एक अ‍ॅप घेतलं. पहिले काही दिवस 1 रुपयात. पैसे भरायला फोन काकूंचा, खातंही काकूंचं. पुढच्या महिन्यापासून दर महिन्याला 199 रुपये कटू लागले. टीव्ही अडकतो म्हणून पुतण्यानं ते अ‍ॅप टीव्हीवरून काढून टाकलं. सगळ्यांना वाटलं, मिटलं. हप्त्याच्या वेळी खात्यात पैसे कमी पडले आणि काकू पासबुक घेऊन आल्या. आम्ही बसून हिशेब केला. पाच महिन्यांत काकूंनी गटात बचत केली 500 रुपये. त्याच पाच महिन्यांत अ‍ॅपनं नेले 995. काकू एवढंच म्हणल्या, "बाई, जे घरात दिसतच नाही, त्याचे पैसे कशाचे?"

म्हणून आजची गोष्ट एकच आहे. नको असलेलं अ‍ॅप दोन ठिकाणांहून काढायचं असतं, टीव्हीतून आणि खात्यातून. एक काढून दुसरं आपोआप जात नाही.

आधी टीव्हीचं बघू. तुमच्याकडं स्मार्ट टीव्ही असेल किंवा जुन्या टीव्हीला मागून लावायची स्टिक नाहीतर बॉक्स असेल. त्यात जागा थोडीच असते. पुष्कळ स्टिकमध्ये 8 जीबी, आणि त्यातलीही बरीच कंपनीच्याच सामानानं भरलेली. म्हणजे कणगी घरी आली तीच अर्धी भरून. वरून आपण दहा अ‍ॅप टाकली की टीव्ही अडकतो, बंद पडतो. मग दुकानदार म्हणतो नवा घ्या. नवा घ्यायच्या आधी साफसफाई करून बघा.

अँड्रॉइड किंवा गूगल टीव्ही असेल तर दातेरी चाकाचं चित्र असतं, ते सेटिंग्ज. त्यात 'अ‍ॅप्स', मग 'सी ऑल अ‍ॅप्स'. नको असलेल्या अ‍ॅपवर जा, 'अनइन्स्टॉल' दाबा, 'ओके' म्हणा. फायर टीव्ही स्टिक असेल तर सेटिंग्ज, 'अ‍ॅप्लिकेशन्स', 'मॅनेज इन्स्टॉल्ड अ‍ॅप्लिकेशन्स', अ‍ॅपचं नाव आणि 'अनइन्स्टॉल'. शब्द इंग्रजीत दिसतात म्हणून घाबरू नका. 'अनइन्स्टॉल' हा एक शब्द वहीत उतरवून घ्या, बाकी चित्रांवरून कळतं.

काही अ‍ॅपला 'अनइन्स्टॉल' येतच नाही. ती कंपनीनं आतच बसवलेली असतात. तिथं 'डिसेबल' असेल तर ते दाबा, म्हणजे अ‍ॅप झोपून राहतं. मात्र 'सिस्टीम अ‍ॅप्स'च्या यादीत हात घालू नका. त्यातलं काही बंद झालं तर टीव्हीच चालायचा नाही.

आता तुम्ही विचाराल, आपण मागितली नाहीत ती अ‍ॅप आली कुठून? त्यामागं कंपन्यांचे आपसातले करार असतात. टीव्ही बनवणाऱ्या कंपनीला गूगलचं प्ले स्टोअर हवं असेल, तर गूगलची बाकीची अ‍ॅपही सोबत घ्यावी लागत होती. हे प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगापुढं गेलं. एप्रिल 2025 मध्ये त्यात तडजोड झाली. गूगलनं 20.24 कोटी रुपये भरायचं आणि भारतातल्या टीव्हीसाठी प्ले स्टोअर वेगळं द्यायचं कबूल केलं. नको ते सामान गळ्यात मारलं जातं ही तक्रार आपल्या एकट्याची नाही, एवढं यातून घ्या.

आता खात्याचं. हे जास्त महत्त्वाचं, आणि हेच राहून जातं.

1 रुपया भरताना आपण यूपीआय पिन टाकतो, तेव्हा बऱ्याचदा 'ऑटोपे'ला मंजुरी देत असतो. म्हणजे पुढं दर महिन्याला आपल्याला न विचारता पैसे काढायची परवानगी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं अशा पैशांना दर वेळी ओटीपी लागत नाही, साधारण 15,000 रुपयांपर्यंत. पण पैसे कटायच्या किमान 24 तास आधी आपल्याला कळवावंच लागतं. तो मेसेज येतो. आपण जाहिरात समजून सोडून देतो. आजपासून 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' शब्द असलेला मेसेज दिसला की थांबायचं आणि कोणाकडून तरी वाचून घ्यायचा.

बंद करायचं असं. फोनमधलं पैसे पाठवायचं अ‍ॅप उघडा. तुमच्या नावावर किंवा फोटोवर दाबा. तिथं 'ऑटोपे' शोधा. कोणाकोणाला परवानगी दिली आहे त्याची यादी येईल. नको त्यावर दाबून 'कॅन्सल' किंवा 'रिव्होक' करा आणि पिन टाका. तो पिन तुमचा तुम्हीच टाकायचा. शिवाय फोनच्या प्ले स्टोअरमध्ये फोटोवर दाबून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' बघा. तिथंही एखादं चालू असू शकतं. ही दोन्ही कामं आधी करा आणि टीव्हीतून अ‍ॅप नंतर काढा.

आत यायला एक दाबणं आणि बाहेर पडायला दहा दारं, असं जे करतात त्याला सरकारनं नाव दिलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 ला फसव्या मांडणीचे 13 प्रकार अधिसूचित केले. वर्गणीचा सापळा हा त्यातला एक. तेव्हा बंद करूनही पैसे कटले, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेत लेखी अर्ज द्या. कोणी फसवून पैसे काढले असतील, तर उशीर न करता 1930.

बाजारात एक बॉक्स मिळतो. "एकदाच पैसे भरा, सगळे चॅनेल, सगळे सिनेमे फुकट." त्यापासून लांब राहा. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेनं अशा स्वस्त बॉक्सबद्दल जाहीर इशारा दिला. काहींमध्ये चोरटा प्रोग्राम कारखान्यातूनच भरलेला येतो, काहींमध्ये सुरू करताना अ‍ॅप टाकायला लावून घुसवतात. मग तो बॉक्स आपल्या घरातलं इंटरनेट वापरून चोरांची कामं करतो. अशा बॉक्समधून एखादं अ‍ॅप काढून उपयोग नाही. त्याचं इंटरनेटच तोडायचं. आणि चांगल्या टीव्हीतही 'अननोन सोर्सेस' हे बटण बंदच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल तर फोनमध्येही टाकायची नाही, तिच्यावर कोणत्याही योजनेचं नाव असू द्या.

काहीजणी म्हणतील, रिमोट आमच्या हातात असतो कुठं? खरं आहे. रिमोट पोरांकडं, नाहीतर मालकांकडं. पण पैसे ज्या खात्यातून जातात ते खातं तुमचं आहे. गटाच्या पैशाचा पै-पैचा हिशेब तुम्ही ठेवता, अंगठ्यावरून सहीवर आलात, बँकेत मॅनेजरशी बोलता. घरातल्या खात्यातून काय जातं, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहेच. पोरांना रागवू नका. त्यांना शेजारी बसवा आणि म्हणा, "हे अ‍ॅप लागतं का? बघतं कोण? महिन्याला किती जातात?" चर्चा होऊ द्या. सगळ्यांना हवं असेल तर खुशाल ठेवा. सिनेमा बघणं काही वाईट नाही, पण ते ठरवून असावं.

आता काम देते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं पासबुक भरून आणायचं. मागच्या तीन महिन्यांत हप्ता, वीजबिल आणि रिचार्ज सोडून जे पैसे आपोआप गेले, त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारायची. फोनमधली ऑटोपेची यादी बँक सखी आणि सीआरपी ताई तुमच्यासोबत बसून बघतील. पिन त्यांनाही सांगायचा नाही. किती जणींचे किती रुपये वाचले, ते गटाच्या इतिवृत्तात लिहा. आणि ते वाचलेले पैसे बचतीत टाकायचे का, यावर त्याच बैठकीत ठराव घ्या.

आता कर्जवाटपाचा विषय घेऊ.