गेलेल्यांचा सूर

आपल्याकडे माणूस गेला की त्याची पुण्यतिथी करतात. फोटोला हार घालतात, दोन शब्द बोलतात आणि घरी जातात. पण गाणारा माणूस गेला तर त्याची आठवण बोलून भागत नाही, ती गाऊनच करावी लागते. आज मला थोडं त्याविषयी सांगायचं आहे.

गोष्ट 1933 सालची. कर्नाटकातल्या गदगला अकरा वर्षांच्या एका मुलाने दुकानात वाजणारी एक तबकडी ऐकली. झिंझोटी रागातली ठुमरी होती आणि गाणारे होते किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. मुलगा वेडावला. असंच गायचं म्हणून घर सोडून निघाला. ग्वाल्हेर, रामपूर करीत पार जालंधरपर्यंत गेला. तिथे विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला सांगितलं, की बाबा, इतका लांब कशाला आलास? तुझ्या मुलखात सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, खुद्द खाँसाहेबांचेच शिष्य. गदगहून निघालेला मुलगा सारा हिंदुस्थान पालथा घालून कुंदगोळला आला. त्याचं नाव भीमसेन जोशी.

अब्दुल करीम खाँ 27 ऑक्टोबर 1937 रोजी वारले. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत सिंगपेरुमलकोइल नावाच्या लहानशा स्टेशनात त्यांना उतरावं लागलं, तिथल्या फलाटावरच त्यांचा अंत झाला. त्यांची कबर मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. दर्ग्याच्या उरुसात गाणारे-वाजवणारे हजेरी लावतात. जात-धर्म कोणी विचारत नाही, सूर विचारतात.

सवाई गंधर्व 1952 साली गेले. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त पुण्यात संगीताचा उत्सव सुरू झाला. भीमसेनांनी तो अनेक वर्षं अंगाखांद्यावर वाढवला. या उत्सवाचा एक रिवाज मला फार आवडतो. मोठमोठ्यांची गाणी झाल्यावर शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीची तबकडी लावतात. म्हणजे ज्याची आठवण, तोच शेवटचा गातो! भीमसेनही 24 जानेवारी 2011 रोजी गेले. आता त्या उत्सवाच्या नावात गुरूशेजारी शिष्याचंही नाव आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात आमचं गाव. तिथे एक मृदंगबुवा होते. दर एकादशीला देवळात भजन. डाव्या पुडीला कणीक लावून त्यांनी थाप मारली की पोरं जेवण टाकून पळत यायची. त्यांच्याजवळ अभंगांच्या काही जुन्या चाली होत्या, त्यांच्या चुलत्याकडून आलेल्या. मी कॉलेजात शिकवणारा माणूस. दर दिवाळीला गावी गेलो की म्हणायचो, "बुवा, एकदा बसू, सगळ्या चाली उतरवून घेऊ." ते म्हणायचे, "ये की मास्तर, मी कुठं पळून चाललोय?"

बुवा पळून गेले नाहीत. एका पावसाळ्यात वारले. खिशात फोन असूनही मी कधी त्यांच्यासमोर बसलो नव्हतो. वर्षश्राद्धाच्या रात्री भजन झालं. धृपद सगळ्यांना येत होतं, झीलही सुरेख धरली. पण चरणाच्या वळणावर चौघांच्या चार वाटा झाल्या. टाळ थांबले. कोणी काही बोललं नाही. बुवा गेल्याचं दुःख मला त्या घडीला खरं कळलं.

म्हणून शिक्षकमित्रांनो, आपल्याला एक विनंती. तुमच्या गावात भजनी असतील, जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या आज्या असतील, गोंधळी, वासुदेव, सनई वाजवणारे असतील. त्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन, त्यांचं गाणं फोनवर उतरवून घ्या. आधी पंखा बंद करा, फोन जवळ ठेवा. सुरुवातीला गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि 'हे कोणाकडून शिकलात' हे त्यांच्याच तोंडून बोलवून घ्या. एक प्रत त्यांच्या घरी द्या, एक शाळेत ठेवा. फोन बिघडतात, म्हणून प्रत एकाच जागी ठेवू नका.

आणि एवढ्यावर थांबू नका. गदगच्या मुलाने तबकडी ऐकली, पण तो तबकडीपाशी बसून राहिला नाही, गुरू शोधायला निघाला. तबकडी वाट दाखवते, चालायचं आपल्यालाच. तेव्हा आवाज उतरवताना चार मुलं शेजारी बसवा. एखाद्याच्या हातात टाळ द्या. चुकू द्या त्याला. बुवा आहेत तोवर चूक सांगायला कोणीतरी आहे.

पुढची एकादशी फार लांब नाही. तुमच्या गावचे बुवा अजून असतील, तर तेवढीही वाट पाहू नका. मी पाहिली.