लम्पी आणि भरपाईचा प्रश्न

२०२२च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात लम्पी हा गुरांचा त्वचारोग पसरला, तेव्हा सरकारने जनावरांचे बाजार बंद केले, वाहतूक रोखली आणि गोवंशाला शेळ्यांच्या देवीची लस मोफत टोचली. जनावर दगावल्यास दुधाळ गाईसाठी ३०,००० रुपये, बैलासाठी २५,००० आणि वासरासाठी १६,००० रुपये मदतही जाहीर झाली. माझ्या मते, या मदतीकडे केवळ दिलासा म्हणून पाहणं चुकीचं आहे; लशीइतकीच ती रोग आवरायला उपयोगी पडते. २००९च्या केंद्रीय कायद्यानुसार साथरोगाची खबर देणं पशुपालकावर बंधनकारक आहे. पण गाईला ताप भरला, अंगभर गाठी उठल्या, पाय सुजले की पशुपालकाला आधी धास्ती वाटते ती नुकसानीची. हाती काहीच लागणार नसेल, तर आजार लपवून जनावर विकून टाकण्याचा मोह होतो, आणि डास, गोमाश्या, गोचीड यांना रोग न्यायला नवा गोठा मिळतो. भरपाईची खात्री असली की तोच माणूस पशुवैद्यकाला वेळेत बोलावतो.

यावर आक्षेप येतो, की हा पैसा लशीवरच खर्चावा. लस हवीच, तीही पावसाळ्याआधी, कारण प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात. पण पहिलं आजारी जनावर कुठे आहे हे लस सांगत नाही. ते गोठ्यातला माणूसच सांगतो. शिवाय बाजारबंदीची झळ निरोगी जनावरांच्या मालकांनाही बसते. त्यांना मात्र या मदतीतून काही मिळत नाही, आणि धोरणातली ही उणीव मला गंभीर वाटते.