पंक्तीतील आग्रह आणि देहाचा हिशेब
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



थोड्याच वेळात पाने मांडली जातील. जिलबीचा सुवास येथवर आलाच आहे. अशा समयी अतिभोजनावर बोलणे औचित्यास सोडून होईल, हे मी जाणतो. तथापि माझे गाऱ्हाणे जिलबीविरुद्ध नसून आग्रहाविरुद्ध आहे.

गरजेहून अधिक खाल्लेले अन्न देह सहसा वाया घालवीत नाही. काही उष्मांक पचनातच खर्च होतात, परंतु ते थोडे. पिष्ट व साखर यांचा काही अंश यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठतो. हे कोठार लहान, सुमारे ५०० ग्रॅमांचे. त्यातील प्रत्येक ग्रॅमासोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी राहते. म्हणून मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर दिसणारे वाढीव वजन बव्हंशी पाण्याचे व पोटातील अन्नाचे असते. मात्र देह साखर जाळण्यात गुंतला असता तुपातेलातील स्निग्धांश मेदपेशींत जाऊन बसतो. निरोगी माणसास एका दिवसाची मेजवानी बाधत नाही. बाधते ती नित्याची भर.

आणि ही भर सर्वांस सारखी लागत नाही. कॅनडातील क्लोद बुशार व त्यांचे सहकारी यांनी एकरूप जुळ्या भावांच्या १२ जोड्यांस १०० दिवसांपैकी ८४ दिवस रोज १००० उष्मांक अधिक खाऊ घातले. १९९० साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा : वजन सरासरी ८.१ किलो वाढले. पण कोणाचे ४.३, तर कोणाचे १३.३ किलो! एकाच जोडीतील दोघा भावांची वाढ मात्र पुष्कळ अंशी मिळतीजुळती होती.

यातून दोन बोध घ्यावयाचे. एक, स्थूल मनुष्यास खादाड म्हणून हिणवू नये. तोच घास त्याच्या अंगी अधिक लागत असेल. दुसरा, आपल्याला पचले ते शेजाऱ्यालाही पचेल, असे मानू नये. मधुमेही काकूंनी पानावर हात आडवा धरला असता ‘एकाने काय होते?’ म्हणून जिलबी सोडणे, हे प्रेम नव्हे.

वाढणाऱ्याने एकदा विचारावे. नकार मिळताच हसतमुखाने पुढील पानाकडे वळावे. ‘अन्नदाता सुखी भव’ असे आपण म्हणतोच. जेवणाराही सुखी राहो, एवढे मागून आपली रजा घेतो.