अमेरिकेत बिऱ्हाड कोठे करावे?



माझे शिक्षण वाचनालयात आणि गेटसभेत झाले. अमेरिका मी पाहिलेली नाही. पण नगरच्या कारखान्यांतील ज्या कामगारांची मुले इंजिनिअर झाली, ते हल्ली पगारवाढीच्या कराराबरोबर मुलाचे नेमणूकपत्रही माझ्यापुढे ठेवतात आणि विचारतात, "भाऊ, एवढा मोठा देश, पोराने कोणत्या गावी राहावे?"

थंडी किती, भाडे किती, महाराष्ट्र मंडळ आहे का, ही चौकशी त्यांनी केलेलीच असते. मी एकच विचारतो: ही नोकरी सुटली तर त्याच गावात दुसरी मिळेल का?

कारण सांगतो. बहुतेक मुले ज्या एच-वन-बी परवान्यावर नोकरी करतात, तो मालकाच्या अर्जावर मिळतो. कामाचे ठिकाणदेखील त्या अर्जात लिहिलेले असते; त्या शहराच्या परिसराबाहेर बदली करायची तर मालकाला दुरुस्त अर्ज करावा लागतो. नोकरी गेली, तर 2017 पासूनच्या नियमाने फार तर 60 दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या मालकाने अर्ज केला पाहिजे, नाहीतर दुसरा एखादा परवाना मागावा, किंवा सामान बांधावे. कायम वास्तव्याच्या परवान्यांत एका देशाच्या वाट्याला 7 टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे आपल्या लोकांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. तोवर मुले तिकडच्या शाळेत रुळलेली असतात.

आपल्या जिल्ह्याला हे अपरिचित नाही. पाथर्डी-शेवगावकडचा कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतो. खोपी कोठे घालायची हे कारखाना आणि मुकादम ठरवतात; उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही. इंजिनिअरची आणि त्याची बरोबरी करू नका, असे कोणी म्हणेल. पगारात बरोबरी नाहीच. पण मालक सोडण्याची मोकळीक हा प्रश्न दोघांपुढेही आहे.

ही मोकळीक राज्याराज्यांत निराळी असते, हे मला वाचताना फार उशिरा उमगले. कित्येक मालक नेमणूकपत्रात कलम घालतात की नोकरी सोडल्यावर अमुक काळ प्रतिस्पर्ध्याकडे काम करायचे नाही. कॅलिफोर्नियात 1872 पासून असे बंधन कायद्याने रद्दबातल आहे. गंमत अशी, की आपला करार कायदाही 1872 चाच, आणि त्याचे 27 वे कलम जवळजवळ तेच सांगते! टेक्सासमध्ये मात्र असे कलम वाजवी मर्यादेत असेल तर न्यायालयात टिकते. म्हणजे समोरच्या इमारतीत नोकरी असूनही तेथे जाता येईलच असे नाही.

आमच्या एका सभासदाच्या मुलाकडे दोन पत्रे होती. एक, एकाच मोठ्या कंपनीवर वसलेल्या छोट्या गावाचे. घर प्रशस्त, भाडे निम्मे. दुसरे सॅन होजेचे. तेथे भाडे ऐकूनच वडिलांना घाम फुटला. मी सॅन होजे म्हटले. 2000 सालच्या कायद्याने नव्या मालकाचा अर्ज दाखल होताच त्याच्याकडे कामाला लागता येते, निकालाची वाट पाहावी लागत नाही. पण नवा मालक तासाभराच्या अंतरावर असेल तरच बिऱ्हाड न हलवता याचा फायदा. ते जादा भाडे मी विम्याचा हप्ता समजतो. त्यांच्या घरात यावर दोन दिवस वाद झाला, आणि सुनेने एक प्रश्न विचारला जो आम्हा पुरुषांना सुचला नव्हता: मला तेथे नोकरी करता येईल का? तिच्या परवान्यावर सहसा येत नाही. 2015 पासून काहींना सवलत आहे, तीही नवऱ्याचा कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत गेल्यावर.

आनंदीबाई जोशी 1883 साली निघाल्या, तेव्हा त्यांनी न्यूजर्सीतले रोझेल गाव धरले, कारण कार्पेंटरबाईंचे घर तेथे होते. नोकरीचा प्रश्न त्यांना नव्हता; ओळखीचे दार हवे होते. तेही पाहावेच. 60 दिवसांत अर्ज लिहायला, मुलांना सांभाळायला शेजार लागतो. त्या मुलाला मी सांगितले, घर घेण्याआधी गावातल्या चार आपल्या माणसांना फोन कर, आणि त्यांनी नोकरी किती वेळा बदलली ते विचार.